बोडेगा बे नकाशा : प्रकल्प नोंदी

१८ जानेवारी २०२५

मंडळाच्या मे महिन्यातल्या सहलीचं ठिकाण ठरलं: बोडेगा बे. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला, सोनोमा काउंटीतलं मासेमारीचं गाव, वस्ती हजाराच्या आतबाहेर. समितीतल्या निम्म्या लोकांना तिथला खेकडा खायचाय, उरलेल्यांना हिचकॉकचं गाव बघायचंय. पक्षी माणसांवर हल्ले करतात असा दिग्दर्शक हिचकॉकचा 'द बर्ड्‌स' हा सिनेमा १९६२ साली इथे चित्रित झाला आणि मार्च १९६३ मध्ये पडद्यावर आला. तेव्हापासून लोक हातात कॅमेरा घेऊन इथे येतायत ते आजतागायत. सहलीसाठी फोनवर चालणारा, मराठीत बोलणारा नकाशा करूया असं बैठकीत मीच म्हणालो, त्यामुळे काम माझ्याच गळ्यात पडलं हे ओघानं आलंच.

ढोबळ आराखडा असा: प्रत्येक थांब्यावर दोन मिनिटांत ऐकून होईल एवढं निवेदन, सोबत सिनेमातल्या चौकटीचं रेखाचित्र आणि त्याच कोनातून काढलेला आजचा फोटो. सिनेमातली चित्रं जशीच्या तशी वापरायची नाहीत, हक्कांची भानगड नको. मंडळातली एक आर्किटेक्ट मुलगी पेन्सिलने काढून देते म्हणाली. नकाशा इंटरनेटशिवाय चालला पाहिजे, कारण किनाऱ्यावर नेटवर्क कधी दगा देईल सांगता येत नाही.

२६ जानेवारी

एका खिडकीत सिनेमा, दुसऱ्या खिडकीत नकाशा असं घेऊन बसलो. प्रत्येक दृश्य तीनपैकी एका रकान्यात टाकायचं होतं: जागा खरी आहे, जागा खरी आहे पण दुसरीकडची आहे, किंवा जागाच नाही. तिसरा रकाना भराभर भरत गेला.

गोम अशी की बोडेगा आणि बोडेगा बे ही दोन वेगळी गावं आहेत. बोडेगा बे खाडीकाठी, बोडेगा तिथून सुमारे आठ किलोमीटर आत, टेकड्यांमध्ये. हिचकॉकने शाळा घेतली आतल्या गावातली, धक्का आणि उपाहारगृह घेतलं किनाऱ्यावरचं, आणि दोन्ही चिकटवून एकच गाव केलं. जे जोडता आलं नाही ते आल्बर्ट व्हिटलॉकने रंगवलं. हा माणूस काचेवर असं निसर्गचित्र काढायचा की कॅमेऱ्याला ते खरं वाटायचं. पेट्रोलपंपाला आग लागते आणि आपण एकदम आकाशातून, पक्ष्यांच्या नजरेनं गाव बघतो, ते प्रसिद्ध दृश्य आठवा. त्यातलं गाव बव्हंशी व्हिटलॉकचं चित्र आहे. आग स्टुडिओच्या आवारात लावलेली. सीगल तिसरीकडेच, एका कड्यावरून खाली बघत टिपलेले. नकाशावर त्याला पिन कुठे मारायची?

तूर्त निर्णय: तिसऱ्या रकान्यातल्या दृश्यांना पिन नाही, पण निवेदनात उल्लेख हवा. नाहीतर सहलीतली मंडळी गावभर तो पंप शोधत फिरतील.

८ फेब्रुवारी

आज आतलं बोडेगा. पेटालुमाहून व्हॅली फोर्डमार्गे गेलो. याच पट्ट्यात १९७६ साली क्रिस्टो आणि जान-क्लोद या कलावंत जोडप्यानं पांढऱ्या नायलॉनचं अठरा फूट उंच, जवळजवळ चाळीस किलोमीटर लांब कुंपण उभारलं होतं. ते टेकड्यांवरून धावत जाऊन बोडेगा बेपाशी समुद्रात शिरायचं, आणि दोन आठवड्यांत उतरवलंही. आपल्या विषयाशी संबंध नाही, पण बसमध्ये सांगायला छान.

पॉटर शाळा गावात शिरल्या शिरल्या दिसते. १८७३ ची इमारत, लाकडी, दुमजली, पांढरी. सिनेमात मुलांचं गाणं चालू असतं आणि बाहेर खेळाच्या लोखंडी सांगाड्यावर एकेक करून कावळे येऊन बसतात, ती हीच. सांगाडा चित्रीकरणासाठी आणून ठेवलेला होता, आता तिथे काहीही नाही. कावळ्यांतलेही सगळे जिवंत नव्हते. शिकवलेल्या कावळ्यांच्या मधे मधे खोटे बसवले होते. मी कुंपणाबाहेरून ती जागा बराच वेळ न्याहाळत होतो. बाकाची जागा आणि सांगाड्याची जागा यांत अंतर फारच कमी पडतं. पडद्यावर नायिका सिगरेट ओढत बसलीय आणि तिच्या मागे केवढं तरी मैदान आहे असं वाटतं. मैदान-बिदान काही नाही, एक लहानसं अंगण आहे.

चित्रीकरणाच्या वेळी शाळा बंद पडलेली होती आणि इमारत मोडकळीला आली होती. सिनेमानंतर काही वर्षांनी ती एका कुटुंबानं विकत घेऊन दुरुस्त केली. आज ते खासगी घर आहे. त्यामुळे नियम पक्का: फोटो फक्त रस्त्यावरून, फाटकाच्या आत पाऊल नाही, बसही दारासमोर उभी करायची नाही. हे निवेदनाच्या पहिल्याच वाक्यात जाईल. माणसं राहतात तिथे, त्यांची धुणी वाळत असतात.

शेजारीच सेंट तेरेसा चर्च, १८५९ मध्ये बांधलेलं. जहाजं बांधणाऱ्या सुतारांनी रेडवूडच्या लाकडात उभं केलं. आन्सेल ॲडम्सने १९५३ मध्ये त्याचा फोटो काढला होता, म्हणजे हिचकॉकच्या आधी कॅमेरा इथे येऊन गेलेला. ऊन कडक होतं. भिंतीचा पांढरा रंग फोटोत पार फटफटीत येतोय, सहलीच्या आधी सकाळी लवकर येऊन पुन्हा काढावा लागेल.

फोटो १.८५ : १ या प्रमाणात कापले की सिनेमातल्या चौकटीशी बरोबर बसतात. फोनचा मूळ फोटो उंचीला फार जास्त असतो आणि शाळेवर नको इतकं आकाश दिसतं.

९ फेब्रुवारी

किनाऱ्यावरचं बोडेगा बे. टेलर स्ट्रीट हा उतार बघून घेतला. मुलं शाळेतून पळत सुटतात आणि समोर खाडी दिसते, ते पळणं इथलं. म्हणजे शाळेच्या दारातून निघालेली मुलं पुढच्याच क्षणी आठ किलोमीटरवर पोचलेली असतात. जवळून घेतलेले चेहरे स्टुडिओतले. तिथे मुलं सरकत्या पट्ट्यावर धावत होती आणि मागे पडद्यावर रस्ता चालू होता.

टाइड्स या उपाहारगृहाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. १९६२ चं छोटं उपाहारगृह जाऊन आता तिथे मोठं रेस्टॉरंट, मासळीचं दुकान आणि सिनेमाच्या आठवणींच्या वस्तू आहेत. तेव्हाच्या मालकानं चित्रीकरणाला परवानगी देताना अटी घातल्या अशी गोष्ट सांगतात: सिनेमातल्या गावाचं नाव बोडेगा बेच ठेवायचं, नायकाला माझं नाव द्यायचं आणि मला एक वाक्य बोलायला द्यायचं. मालकाचं नाव मिच, आणि नायकही मिच, हे खरं आहे. धंदा करावा तर असा. साठ वर्षं झाली, जाहिरात अजून चालू आहे.

२२ फेब्रुवारी

आजचा दिवस सत्कारणी लागला. बंदराला वळसा घालून वेस्टशोअर रोडने बोडेगा हेड या भूशिरावर गेलो. सिनेमात नायिका लव्हबर्डचा पिंजरा घेऊन होडीतून पलीकडच्या घरी जाते, गुपचूप ठेवते आणि परत फिरते. नायक तिला बघतो, गाडीत बसतो आणि बंदराला वळसा मारून तिच्या आधी धक्क्यावर हजर होतो. हे सगळं जमिनीवर जुळतं! पाण्यातून सरळ अंतर, रस्त्याने वळसा, समोरासमोर दोन्ही काठ. अख्ख्या सिनेमात नकाशाला धरून असलेला प्रसंग हाच. सहलीच्या बसचा मार्ग त्यावरूनच आखायचा, आपणही नायकासारखे वळसा घालून जाऊ.

पलीकडचं घर आता नाही. तिथे जुनं शेतघर होतं, सिनेमासाठी त्याची डागडुजी केली. तो परिसर आज कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेच्या सागरी प्रयोगशाळेकडे आहे.

होडी ज्या पाण्यावरून जाते त्याच्या खालून सॅन अँड्रियास भ्रंशाचा, म्हणजे दोन भूपट्टांमधल्या भेगेचा, पट्टा गेलाय. अलीकडे उत्तर अमेरिकेचं भूपट्ट, पलीकडचं बोडेगा हेड पॅसिफिक भूपट्टावर. खडकही वेगळा: हेडवर ग्रॅनाइट, अलीकडे तो नाही. हेड वर्षाला काही सेंटिमीटर वायव्येला सरकतंय. हिचकॉकला याची काही पडली नसावी. मला मात्र सीगलच्या चोचीपेक्षा हे जास्त धडकी भरवणारं वाटतं.

वर कड्यावर वारा असा की टोपी हातात धरून उभं राहावं लागतं. लांब पाण्यात करड्या देवमाशांचे फवारे दिसले, या दिवसांत ते मेक्सिकोच्या आणि अलास्काच्या मध्ये ये-जा करत असतात. आवाजाचा नमुना रेकॉर्ड केला, नुसती घरघर आली. निवेदन इथे करायचं नाही, घरीच.

२ मार्च

हेडवर जाताना रस्त्याच्या कडेला एक गोल तळं लागतं. काठाला झुडपं, बदकं. स्थानिक लोक त्याला 'होल इन द हेड' म्हणतात. आज दिवसभर त्याच्यामागे लागलो होतो.

पीजी अँड ई या वीज कंपनीला इथे अणुवीज केंद्र उभारायचं होतं. योजना १९५८ मध्ये जाहीर झाली. भट्टीसाठी खोल खड्डा खणायला सुरुवातही झाली. गावातल्या आणि बाहेरच्या लोकांनी विरोध केला. हेडवरची जमीन जिच्या मालकीची होती ती रोझ गॅफनी त्यात आघाडीवर होती. कोळी, गवळी, विद्यापीठातले प्राध्यापक, आणि लू वॉटर्स हा जाझमधला ट्रम्पेटवादक, असा सगळा गोतावळा. मे १९६३ मध्ये मेमोरियल डेला त्यांनी हेडवरून दीड हजार फुगे सोडले. प्रत्येक फुग्याला चिठ्ठी: हा फुगा म्हणजे स्ट्रॉन्शियम-९० किंवा आयोडीन-१३१ चा किरणोत्सारी कण समजा. वाऱ्यानं ते दूरवर आतल्या गावांत जाऊन पडले. किरणोत्सार कुठपर्यंत जाईल हे सांगायला याहून स्वस्त प्रयोग नाही.

पुढे भट्टीच्या खड्ड्यातच भ्रंश दिसला. मार्च १९६४ मध्ये अलास्कात प्रचंड भूकंप झाला. ऑक्टोबरमध्ये अणुऊर्जा आयोगाच्या तज्ज्ञांचं मत प्रतिकूल आलं आणि महिना संपायच्या आत कंपनीनं योजना मागे घेतली. खड्डा तसाच राहिला, त्यात पाणी भरलं, तेच हे तळं.

आता तारखा शेजारी ठेवून बघा. सिनेमाचं चित्रीकरण १९६२, प्रदर्शन मार्च १९६३, फुगे मे १९६३. एकीकडे पडद्यावर गावावर आकाशातून संकट उतरतंय आणि त्याच वेळी त्याच टेकडीवर खरे गावकरी आकाशातून येणाऱ्या संकटाविरुद्ध भांडतायत. सिनेमात याचा मागमूस नाही. तळ्यापाशी थांबा असलाच पाहिजे, आणि माझ्या मते तो शाळेपेक्षा मोठा हवा. समितीत यावर खडाजंगी होणार.

१५ मार्च

निवेदनाचा पुढचा भाग: पक्षी खरंच वेडे होतात का?

मूळ कथा दाफ्ने द्यू मोरिए यांची, १९५२ ची, इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्यावर घडणारी. पण १८ ऑगस्ट १९६१ ला पहाटे कॅलिफोर्नियातल्याच सांताक्रूझजवळच्या कॅपिटोला भागात हजारो समुद्रपक्षी घरांवर, गाड्यांवर, दिव्याच्या खांबांवर येऊन आदळले. काळपट तपकिरी रंगाचे सूटी शिअरवॉटर, एरवी इथल्या जमिनीवर उतरत नाहीत. रस्त्यांवर मेलेल्या पक्ष्यांचा आणि ओकलेल्या मासळीचा खच. काही लोकांना पक्ष्यांनी चावे घेतले. हिचकॉकनं स्थानिक वृत्तपत्राकडे बातमीची चौकशी केली होती. सिनेमातल्या उपाहारगृहात एक पात्र सांताक्रूझच्या या प्रकाराचा उल्लेखही करतं, तिथे धुक्याला दोष दिलाय.

खरं कारण बहुधा धुकं नव्हे. १९९१ मध्ये माँटेरे उपसागरात पेलिकन आणि पाणकावळे असेच झिंगून मरायला लागले. तेव्हा कारण कळलं: एका सूक्ष्म शैवालात डोमोइक आम्ल तयार होतं, ते छोट्या माशांत साठतं आणि मासे खाणाऱ्याच्या मेंदूवर जातं. मग २०१२ मध्ये छापून आलेल्या अभ्यासासाठी संशोधकांनी १९६१ च्या उन्हाळ्यात गोळा करून जपलेले समुद्री प्लवकांचे नमुने तपासले. त्या बारीक जिवांच्या पोटात तेच विषारी शैवाल मोठ्या प्रमाणात सापडलं. पन्नास वर्षं बाटलीत पडून राहिलेला पुरावा. ज्यानं त्या बाटल्या नीट लेबल लावून ठेवल्या त्याचे आभार.

थांबा टाइड्सच्या गच्चीवर, खाडी बघत ऐकता येईल असा.

२९ मार्च

रेकॉर्डिंग. आवाज काकूंचा: मुलाकडे राहायला आलेल्या, निवृत्त मराठी शिक्षिका. पहिल्याच परिच्छेदाला थांबल्या. "अरे, हे वाक्य कुठे संपतं? माझा श्वास संपला, तुझं वाक्य संपेना. तोड इथे." तोडलं. "काकू, 'भूपट्ट' म्हणू की 'प्लेट' म्हणू?" "प्लेट म्हटलंस तर सगळे जेवणाकडे वळतील. भूपट्टच राहू दे."

कपड्यांच्या कपाटात माइक ठेवून रेकॉर्ड केलं, साड्यांमुळे घुमत नाही. स्टुडिओला पैसे कशाला?

काकूंनी एक गोष्ट लावून धरली आणि मला ती पटली. माळ्यावरच्या हल्ल्याचं दृश्य स्टुडिओत झालं. नायिकेचं काम करणाऱ्या टिपी हेड्रेनच्या अंगावर पाच दिवस जिवंत पक्षी फेकले जात होते, शेवटी ती कोसळली. २०१६ च्या आत्मचरित्रात तिनं हिचकॉकनं केलेल्या छळाबद्दल, लगट करण्याबद्दलही लिहिलंय. मी ते 'बोडेग्यात घडलेलं नाही' म्हणून वगळलं होतं. काकू म्हणाल्या, "पेट्रोलपंपही बोडेग्यात नाही, तो सांगतोस ना?" आता शाळेच्या निवेदनात चार वाक्यं आहेत, मसाला न लावता.

१९ एप्रिल

धक्क्यावर एका जुन्या बोटवाल्याशी गप्पा. सिनेमाबद्दल विचारलं तर त्यानं हात झटकला. तो बोलला सामन माशाबद्दल. कॅलिफोर्नियात २०२३ आणि २०२४ मध्ये समुद्रातली सामन मासेमारी बंद होती, आणि यंदाही व्यावसायिक बोटींना बंदीच, हे याच आठवड्यात ठरलं. नद्यांना पाणी कमी, धरणं, दुष्काळ, पिल्लंच समुद्रापर्यंत पोचत नाहीत. खेकड्यावर गुजराण म्हणावी, तर देवमासे सापळ्यांच्या दोरांत अडकतात म्हणून तो हंगामही आखडता. आणि २०१५ मध्ये? नोव्हेंबरला सुरू व्हायचा डंजनेस खेकड्याचा हंगाम मार्चपर्यंत लांबला, खेकड्यांत डोमोइक आम्ल सापडलं म्हणून. तेच विष, शिअरवॉटरवालं!

हे ऐकल्यावर १५ मार्चच्या निवेदनाचा शेवट बदलला. १९६१ चे पक्षी आता २०१५ च्या रिकाम्या धक्क्यापाशी येऊन थांबतात. पुन्हा काकूंना कपाटात बसवावं लागणार.

सापळे जवळून बघितले: लोखंडी गोल चौकट, तारेची जाळी, आत आमिषाची बरणी, वर मालकानं ठरवलेल्या रंगाचा तरंगता गोळा. रिकामाच उचलायला दोन हात लागतात. ओळीनं रचून ठेवलेले शेकडो होते. आर्किटेक्ट मुलीनं शाळेचं चित्र बाजूला ठेवून आधी तेच काढलं.

३ मे

चाचणी फेरी, मोजकीच माणसं. नकाशा विमान-मोडवर नीट चालला. शाळेसमोर सगळे शहाण्यासारखे रस्त्यावर उभे राहिले. टेलर स्ट्रीटवर दोन आज्या मुलांसारख्या धावायला निघाल्या, उतार आहे, पुढच्या वेळी आधीच बजावायचं.

तळ्यापाशी मात्र चर्चा पेटली. गटातल्या एका काकांनी नोकरीचं आयुष्य तारापूरला काढलंय. बोडेग्याची नियोजित भट्टी जनरल इलेक्ट्रिकची, उकळत्या पाण्याच्या प्रकारची. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्याही त्याच कंपनीच्या, त्याच प्रकारच्या, १९६९ पासूनच्या. "यांनी खड्डा ठेवला, आम्ही वीज काढली," काका म्हणाले. "तुमच्या निवेदनात विरोध करणारेच तेवढे शहाणे." राजापूरकडच्या एकीनं लगेच जैतापूर काढलं. काका म्हणाले, "भ्रंशावर भट्टी नको, हे मलाही मान्य. पण विरोध भ्रंश सापडायच्या आधीपासून होता की नाही?" होता. सॅन अँड्रियास जवळून जातो हे सगळ्यांना ठाऊक होतं, खड्ड्यातला भ्रंश नंतर दिसला. काकांचा मुद्दा निवेदनात घातला, त्यांच्याच शब्दांत. तारापूरचं वाक्यही.

बसला परत निघायला उशीर झाला आणि टाइड्सचा थांबा आवरता घ्यावा लागला. कोणी तक्रार केली नाही.

१० मे

सहलीआधीची शेवटची यादी. मार्ग: व्हॅली फोर्ड, बोडेगा (शाळा, चर्च), टेलर स्ट्रीट, टाइड्स, बंदराचा वळसा, तळं, हेड. तळ्याला पाऊण तास, शाळेला वीस मिनिटं; समितीत मतदान होऊन ठरलं, एका मताने. चर्चचा सकाळचा फोटो झाला, आता भिंतीच्या फळ्या मोजता येतात. चालता न येणाऱ्यांसाठी हेडच्या पार्किंगमधूनही समुद्र दिसतो, त्यांच्यासाठी वेगळं छोटं निवेदन केलंय. प्रत्येकानं जाड जॅकेट आणायचं, मे महिना असला तरी.

खेकड्याच्या जेवणाची चौकशी करणाऱ्यांनी खजिनदारांना फोन करावा, मला नाही.